ब्युनोस आयरेसमध्ये एवढे दिवस करता काय? वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात मी आणि माझा नवरा पाठीवर सॅक टाकून अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयरेसमध्ये १९ दिवस कसे राहिलो ते लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की प्रत्येकाला वेगळं लिहिणं जमणार नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे घेतेय. किमती मुद्दाम लिहीत नाही, तिथली महागाई अशी पळते की अंक छापून तुमच्या हातात येईपर्यंत आकडे जुने झालेले असतील.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं तिशीतले, नोकरीतून तीन महिन्यांचा ब्रेक घेऊन साउथ अमेरिका करतोय. नवऱ्याच्या एक्सेल शीटमध्ये ब्युनोस आयरेसला फक्त ३ दिवस आहेत, त्याचं म्हणणं तिथे माचू पिचूसारखं बघायला काही नाहीच. तुम्ही १९ दिवस नक्की केलंत काय? — मधुरा, नाशिक

मधुरा, नवऱ्याचं म्हणणं एका अर्थी बरोबर आहे. ओबेलिस्क, गुलाबी रंगाचं राष्ट्रपती कार्यालय, तेआत्रो कोलोन हे ऑपेरा थिएटर, रेकोलेताची दफनभूमी, बोकामधली रंगीत पत्र्याची घरं, हे सगळं धावतपळत दोन दिवसांत उरकतं. आम्हीपण पहिले दोन दिवस तेच केलं, आणि दुसऱ्या रात्री पाय चोळत बसलो असताना दोघांच्याही मनात एकच आलं की फोटो भरपूर झाले पण इथली माणसं दिवसभर करतात काय ते आपल्याला काहीच कळलेलं नाही. मग पुढच्या बसचं बुकिंग राहू दिलं आणि आल्माग्रो नावाच्या साध्या राहत्या वस्तीत एक खोली सलग घेतली, खाली भाजीवाला, कोपऱ्यावर बेकरी, समोर कुलपं-किल्ल्यांचं दुकान, टुरिस्ट जवळपास नाहीतच.

तिथून पुढे आमचा दिवस असा जायचा. सकाळी आठला मी खाली जाऊन मेदियालुना आणायचे, म्हणजे क्रोसाँसारखाच पण छोटा, वरून साखरेच्या पाकाने चिकट झालेला. बेकरीतल्या बाई पुडा कागदात बांधून वर सुतळीची गाठ मारायच्या आणि बोटात अडकवायला एक छोटा फास ठेवायच्या, आपल्याकडे पूर्वी मिठाईचा पुडा यायचा अगदी तसा. पाचव्या दिवशी मी काही बोलायच्या आत त्यांनी सहा मोजून ठेवले होते, आणि मला खरंच सांगते, तेआत्रो कोलोन बघून जेवढा आनंद झाला होता त्याहून जास्त आनंद मला त्या सहा मेदियालुनांचा झाला.

मग चालत लास विओलेतासला. हे कॅफे १८८४ चं आहे, रिवादाविया आणि मेद्रानो रस्त्यांच्या कोपऱ्यावर, वळणदार काचांवर रंगीत चित्रं आणि आत संगमरवरी खांब. कॉफीबरोबर सोड्याचा एक छोटा ग्लास आणि बिस्किट येतं. तुम्ही दोन तास बसलात तरी कुणी बिल आणून टेबलावर आपटत नाही, मागितल्याशिवाय बिल येतच नाही, तिकडे ती पद्धतच आहे. शेजारच्या टेबलावर दोन आज्या रोज दिसायच्या, एकच केकचा तुकडा, दोन काटे आणि न संपणाऱ्या गप्पा.

समोरच कास्त्रो बारोस स्टेशन आहे, तिथून सुब्तेची ए लाइन मिळते, सुब्ते म्हणजे त्यांची मेट्रो. ही लाइन १ डिसेंबर १९१३ ला सुरू झाली, अख्ख्या लॅटिन अमेरिकेतली पहिली भुयारी रेल्वे, आणि तिच्यावर बेल्जियममध्ये बनवलेले लाकडी डबे जानेवारी २०१३ पर्यंत रोजच्या वापरात धावत होते, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं! आता डबे नवे आहेत पण पेरू नावाच्या स्टेशनवर मुद्दाम उतरा, तिथला जुना थाट राखून ठेवलाय. कार्ड एकच लागतं, सुबे, तेच बसला, मेट्रोला, लोकलला चालतं.

शहराची रचना एकदा डोक्यात बसली की हरवायची भीती जाते. रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे, एक चौकोन साधारण १०० मीटरचा, त्याला ते क्वाद्रा म्हणतात, आणि पत्ता सांगताना कुणी किलोमीटर सांगत नाही, "सहा क्वाद्रा सरळ, मग दोन उजवीकडे" असंच सांगतात. घरनंबर एका क्वाद्राला १०० ने वाढतात, त्यामुळे १८६० नंबर किती लांब असेल ते तुम्ही उभ्या उभ्या मोजू शकता. आणि रिवादाविया ओलांडला की आडव्या जाणाऱ्या रस्त्यांची नावं बदलतात, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं, तोवर तोच रस्ता शोधत गोल फिरत होतो.

१८६० मुद्दाम लिहिलं, कारण सांता फे रस्त्यावर १८६० नंबरला एल आतेनेओ ग्रँड स्प्लेंडिड हे पुस्तकांचं दुकान आहे. १९१९ मध्ये बांधलेलं थिएटर, २००० सालापासून पुस्तकं. घुमटावरचं चित्र, गॅलऱ्या, मखमली पडदा सगळं जागेवर आहे, आणि रंगमंचावर कॅफे. बाजूच्या बॉक्समध्ये खुर्च्या टाकल्यात, तिथे पुस्तक घेऊन वाचत बसा, कुणी उठवत नाही. लोक दारात उभं राहून एक फोटो काढतात आणि निघतात, तसं करू नका, वर जाऊन कठड्याशी अर्धा तास बसा.

तर नवऱ्याला सांग, ३ चे निदान ८ कर, आणि त्या ८ मधले ४ दिवस शीटमध्ये कोरे ठेव.

प्रश्न: मी पूर्ण शाकाहारी, नवरा फक्त मासे खातो. अर्जेंटिना म्हणजे नुसतं बीफ असं सगळे सांगतात. आम्ही खाकरे आणि थेपले घेऊन जायचे का? — स्नेहल, कोथरूड

थोडे न्या, पण त्यावर जगायची वेळ येणार नाही. या शहरात इटलीहून आलेल्या लोकांची एवढी दाट वस्ती झाली की पिझ्झा, पास्ता आणि आइस्क्रीम हेच तिथलं घरचं खाणं झालंय.

कोरिएन्तेस रस्त्यावर गुएरिन नावाचं १९३२ चं पिझ्झाचं दुकान आहे. आत बसायला जागा आहे, पण मजा पुढच्या भागात उभ्याने खायची, एक एक तुकडा मागायचा. फुगासेता मागा, त्यात चीज भरून वर कांद्याचा ढीग असतो. त्याच्याबरोबर फाइना नक्की मागा! फाइना म्हणजे हरभऱ्याच्या पिठाची जाडसर भाकरी, ओव्हनमध्ये भाजलेली, आणि ती पिझ्झाच्या तुकड्यावर ठेवून एकत्र खातात. मी पहिला घास घेतला आणि नवऱ्याकडे बघत राहिले, अरे हे तर आपलं बेसनाचं धिरडं, फक्त हळद-मिरची नाही. घरापासून इतक्या लांब उभं राहून बेसनाची चव तोंडात आल्यावर काय वाटतं ते लिहून सांगता येणार नाही.

एम्पानादा म्हणजे मोठ्या करंजीसारख्या, त्यात उमिता (मक्याचं सारण) आणि केसो इ सेबोशा (चीज-कांदा) या दोन तुमच्या. पालकाची तार्ता, म्हणजे सारण भरलेला खारा पाय, सगळीकडे मिळते. महिन्याच्या २९ तारखेला तिथे असाल तर न्योकी खा, बटाट्याचे छोटे गोळे, त्या दिवशी ते खायची प्रथाच आहे आणि बरकत व्हावी म्हणून बशीखाली नोट ठेवतात. आमच्या घरमालकीणबाईंनी आमच्यासाठी दोन्ही बश्यांखाली एक एक नोट सरकवली होती.

आता सावध कुठे राहायचं ते. नुसतं "सिन कार्ने", म्हणजे मांस नको, असं सांगून भागत नाही, कारण हॅमला बरेच लोक मांसात धरतच नाहीत, म्हणून "सिन हामोन, सिन पोशो, सिन पेस्कादो", म्हणजे हॅम नको, चिकन नको, मासे नको, अशी सगळी यादी सांगायची. आणि मेदियालुना दोन प्रकारचे असतात, दे मान्तेका म्हणजे लोण्याचे आणि दे ग्रासा म्हणजे प्राण्याच्या चरबीचे, तुम्ही कायम मान्तेकाच मागा. एम्पानादाच्या पारीतही चरबी असू शकते, कडक पाळत असाल तर विचारून घ्या. बेल्ग्रानोमध्ये बारियो चिनो आहे, म्हणजे चायना टाउन, तिथे टोफू आणि मसाले मिळतात, खोलीला किचन असेल तर प्रश्नच मिटला.

आणि दुल्से दे लेचे! दूध-साखर तासन् तास आटवून केलेलं, आपल्या कुंद्याच्या जवळ जाणारं. परत येताना आम्ही दोन बरण्या आणल्या, एक बरणी सासूबाईंनी पोळीला लावून चार दिवसांत संपवली.

प्रश्न: वय ६२ आणि ५८, दोघेही रिटायर्ड. बॅकपॅकिंग हा शब्दच आम्हाला झेपत नाही, पण शहर बघायची फार इच्छा आहे. जमेल का? — एक वाचक, सांगली

काका, तुम्हाला नक्की जमेल. सॅकऐवजी चाकाची बॅग घ्या, बाकी सगळं तसंच करा. शहर सपाट आहे, चढ-उतार जवळपास नाहीत, आणि दर काही क्वाद्रांवर एक बाग आणि बाकडी. फक्त फुटपाथच्या फरश्या बऱ्याच ठिकाणी उखडलेल्या असतात, काकूंना चांगली पकड असलेले बूट घ्या.

महिना नीट निवडा, तिकडे ऋतू उलटे. जानेवारी-फेब्रुवारीत घाम काढणारा उन्हाळा, जुलैत स्वेटर-जाकीट. मार्च ते मे किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबर चांगलं. नोव्हेंबरात गेलात तर आपला नीलमोहर तिथे रस्तेच्या रस्ते जांभळे करून टाकतो. ही झाडं एवढ्या प्रमाणात लावण्यामागे कार्लोस थाइस नावाचा फ्रान्सहून आलेला माणूस होता, त्याने शहरातल्या बागांची आखणी केली, १८९८ मध्ये सुरू झालेलं पालेर्मोमधलं बोटॅनिकल गार्डन त्याच्याच नावाने आहे. आत जा, बाकडं धरा, डबा खा.

रेकोलेताला दफनभूमीच्या जवळच एक अवाढव्य रबराचं झाड आहे, एल ग्रान गोमेरो. वडाच्या कुळातलंच, त्यामुळे बघताक्षणी ओळखीचं वाटतं. फांद्या इतक्या लांब आडव्या गेल्यात की त्यांना खालून टेकू दिलेत, आणि एका फांदीखाली अ‍ॅटलासचा पुतळा उभा केलाय, तो ती फांदी खांद्यावर तोलून धरतोय. पुतळा जुन्या गाड्यांच्या लोखंडी भागांपासून बनवलेला आहे, जवळ जाऊन पाठीकडून बघा, पार्ट ओळखता येतात. मुलं फांद्यांवर चढतात, म्हातारी माणसं सावलीत पेपर वाचतात. आम्ही त्या झाडाखाली तीन संध्याकाळी घालवल्या.

दफनभूमी १८२२ ची. छोट्या छोट्या दगडी घरांची गल्ल्यांची वस्तीच आहे म्हणा. सगळे एव्हिताची कबर शोधत येतात, एव्हा पेरोन, राष्ट्राध्यक्ष पेरोन यांच्या पत्नी, वारल्या तेव्हा ३३ वर्षांच्या होत्या, २६ जुलै १९५२. नंतर लष्कराने सत्ता घेतली आणि त्यांचं शव पळवून इटलीत मिलानला खोट्या नावाने पुरलं, ते परत मायदेशी यायला १९७४ साल उजाडलं आणि इथे विसावायला १९७६. कबर दुआर्ते घराण्याच्या नावाने आहे, म्हणजे त्यांचं माहेर, अरुंद गल्लीत, काळी गुळगुळीत भिंत, दाराच्या जाळीत खोचलेली ताजी फुलं.

प्रश्न: व्हिसा, लस, विमान, थोडक्यात सांगा. — राहुल, पिंपरी

व्हिसाचे नियम बदलत असतात, मुंबईत अर्जेंटिनाचं कौन्सुलेट आहे, त्यांच्याकडचं ताजं वाचूनच पुढे जा. लस मात्र विसरू नका. भारत सरकारच्या येलो फीव्हरच्या यादीत अर्जेंटिना आहे, त्यामुळे परत येताना त्या लसीचं पिवळं कार्ड नसेल तर इथे उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात, आणि लस प्रवासाच्या निदान १० दिवस आधी घेतलेली हवी. थेट विमान नाही. वेळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. प्लगच्या पिना तिरक्या, ऑस्ट्रेलियासारख्या, अ‍ॅडॉप्टर घ्या. नळाचं पाणी आम्ही १९ दिवस प्यायलो, काही झालं नाही.

प्रश्न: मुलगी आणि जावई जाणार आहेत आणि मला रात्री झोप लागत नाही. इंटरनेटवर चोऱ्यांबद्दल फार वाचलंय. खरं काय ते सांगा. — एक आई, ठाणे

खरं तेच सांगते. जिवावर बेतेल अशी भीती आम्हाला कुठे वाटली नाही, हातचलाखी मात्र आहे.

आमच्या बाबतीत झालं ते असं. सहाव्या दिवशी दुपारी भर वर्दळीच्या चौकात माझ्या पाठीवर काहीतरी ओलं पडलं, हिरवट, घाण वास. लगेच एक सभ्य दिसणाऱ्या बाई टिश्यू घेऊन आल्या, वर झाडाकडे बोट दाखवून पक्षी पक्षी म्हणायला लागल्या, सॅक काढा मी पुसून देते. मी पट्टा अर्धा उतरवलासुद्धा होता. नवऱ्याने हॉस्टेलच्या भिंतीवरची सूचना वाचली होती, त्याने माझा दंड धरला आणि सरळ समोरच्या फार्मसीत नेलं. मागे बघितलं तर बाई गायब. तर मुलीला एवढंच सांगा, अंगावर काही पडलं तर थांबायचं नाही, मदत घ्यायची नाही, जवळच्या दुकानात शिरायचं.

फोन रस्त्याच्या कडेला उभं राहून हातात धरायचा नाही, मोटरसायकलवरून येऊन खेचतात, मॅप बघायचा तर दुकानात शिरून बघायचा. ला बोकाला दिवसा जायचं, कामिनितो आणि त्याच्या आसपासच्या टुरिस्ट गल्ल्यांतच राहायचं आणि संध्याकाळच्या आत परत, २९, ६४ आणि १५२ नंबरच्या बस तिथे जातात. बाकी रात्री साडेदहाला आजी-आजोबा नातवंडांना घेऊन आइस्क्रीम खात बसलेले दिसतात, जेवणच तिकडे नऊ-दहाला सुरू होतं. रस्ते जागे असतात, आणि त्याने मोठा धीर येतो. शांत झोपा.

प्रश्न: डिनर-टँगो शो फार महाग आहेत. घ्यावा का? — अभिजित, कोल्हापूर

शो वाईट नसतात, पण ते पैसे वाचवा आणि मिलोंगाला जा. मिलोंगा म्हणजे लोक स्वतःसाठी नाचायला जमतात ती जागा, आपल्याकडे गुरुवारी भजनी मंडळ जमतं ना तसं, प्रेक्षकांसाठी काही नसतं.

बेल्ग्रानोला बारांकास नावाच्या बागेत एक गोल छत्री आहे, ला ग्लोरिएता, तिथे उघड्यावर मिलोंगा भरते. बारियो चिनो अगदी शेजारी, दोन्ही एका संध्याकाळी होतं. आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा आले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. कठड्यावर बसून चालायचे बूट काढले, पिशवीतून काळे चकचकीत नाचाचे बूट काढून घातले, नाड्या दोनदा बांधल्या, चालायचे बूट पिशवीत ठेवून पिशवी खांबाला अडकवली. मग समोर बघत उभे राहिले. पलीकडे एक बाई होत्या, साधारण त्यांच्याच वयाच्या. आजोबांनी मान अगदी इतकीशी हलवली, बाईंनी पापणी मिटून होकार दिला, आणि ते चालत जाऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. याला काबेसेओ म्हणतात, विचारायचं ते नजरेनेच, म्हणजे नाही म्हणायचं असेल तर नुसती नजर वळवायची, चारचौघांत कुणाचा अपमान होत नाही. मला ही पद्धत इतकी सुंदर वाटली!

तीन-चार गाण्यांचा एक संच असतो, तान्दा, तो पूर्ण होईपर्यंत जोडी बदलत नाही. मध्ये वेगळंच काहीतरी संगीत थोडा वेळ वाजतं, की सगळे पांगतात. सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरतात, त्यामुळे एवढ्याशा जागेत धक्का लागत नाही. येत नसेल तर मध्ये घुसू नका, सुरुवातीला बहुतेक ठिकाणी शिकवणीचा तास असतो, तो करा. आम्ही चार तास शिकलो आणि आम्हाला सरळ चालता यायला लागलं, टँगोत तेवढंही पुष्कळ आहे.

प्रश्न: मी इतिहास शिकवतो. प्लासा दे मायोच्या मातांबद्दल वर्गात सांगतो. त्या अजून येतात का? — प्रा. देशमुख, छत्रपती संभाजीनगर

सर, येतात. दर गुरुवारी दुपारी साडेतीनला. आणि तिथले लोक उच्चार "माशो" करतात, य आणि ल्य चा तिकडे श होतो.

तुम्हाला माहीतच आहे, पण बाकी वाचकांसाठी लिहिते. १९७६ ते १९८३ लष्करी राजवट होती, हजारो तरुण मुलं उचलून नेली ती परत आलीच नाहीत, मानवाधिकार संघटना ३०,००० म्हणतात. ३० एप्रिल १९७७ ला १४ आया राष्ट्रपती कार्यालयासमोरच्या या चौकात आल्या आणि आमची मुलं कुठे आहेत विचारायला लागल्या. पोलिसांनी सांगितलं जमाव करून उभं राहायचं नाही, चालत राहा. मग त्या चालायला लागल्या, चौकातल्या स्मारकाभोवती, गोल. त्याला पुढे ४५ वर्षं उलटून गेली. डोक्याला पांढरा रुमाल, तो सुरुवातीला बाळाच्या लंगोटाचं कापड होतं. अझुसेना विशाफ्लोर, ज्यांनी या आयांना एकत्र आणलं, त्यांनाच डिसेंबर १९७७ मध्ये उचललं. त्यांचे अवशेष २००५ मध्ये ओळखले गेले आणि रक्षा याच चौकात स्मारकाच्या पायथ्याशी ठेवलीय.

आम्ही गेलो तेव्हा मोजक्याच आया होत्या, नव्वदीच्या आसपासच्या, कुणी हात धरून, कुणी व्हीलचेअरवर, आणि त्यांच्यामागे कॉलेजची मुलं-मुली. फरशीवर पांढरे रुमाल रंगवलेत, लोक त्यावर पाय न देता चालतात. आम्ही पण मागे चाललो. मला भाषा कळत नव्हती पण एक एक नाव वाचलं जात होतं आणि प्रत्येक नावानंतर सगळे "प्रेसेन्ते" म्हणत होते, म्हणजे हजर. शाळेत हजेरी घेतात तसं. माझा घसा तिसऱ्याच नावाला दाटून आला.

दुसऱ्या दिवशी आल्माग्रोत फिरताना फुटपाथमध्ये एक रंगीत फरशी दिसली, सिमेंटमध्ये काचेचे तुकडे बसवून केलेली, त्यावर नाव आणि तारीख. इथून अमक्याला नेलं. अशा फरश्या शहरभर आहेत, वस्तीतले लोक स्वतः बनवून बसवतात. आम्ही आठवडाभर त्याच रस्त्याने रोज जात होतो आणि खाली बघितलंच नव्हतं. लष्कराच्या ज्या नौदल शाळेत लोकांना डांबून ठेवायचे ती एस्मा आता म्युझियम आहे, २०२३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतली. तिथे जाणार असाल तर त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

प्रश्न: थोडं खाजगी विचारते. इतके दिवस चोवीस तास एकत्र, एका खोलीत. भांडणं होत नाहीत? — नाव नको, दादर

होतात. रात्री जेवण मिळायच्या आधी आठ ते नऊमध्ये जास्त होतात. आम्ही दर चार दिवसांनी एक दुपार वेगळे काढायला लागलो. नवरा फुटबॉलवेडा, बोका ज्युनियर्सच्या स्टेडियमची तिकिटं मेंबर नसलेल्याला सहज मिळत नाहीत आणि बाहेरच्या दलालांकडून घेण्यात धोका आहे, म्हणून तो वस्तीतल्या बारमध्ये टीव्हीवर मॅच बघायला जायचा, अनोळखी लोकांच्या गळ्यात पडून यायचा. मी सान तेल्मोला. रविवारी देफेन्सा रस्ता गाड्यांना बंद होतो आणि प्लासा दोरेगोपर्यंत जुन्या वस्तूंचा बाजार, सोड्याच्या निळ्या-हिरव्या बाटल्या, तबकड्या, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. तिथे फिलेतेआदो रंगवणारे कलाकार बसतात, वेलबुट्ट्या, ड्रॅगन, फुलं आणि मधे एक वाक्य. हे पूर्वी घोडागाड्यांवर, ट्रकवर, बसवर रंगवायचे, अगदी आपल्या ट्रकच्या मागच्या फाळक्यावर असतं तसं. रात्री दोघांकडे एकमेकांना सांगायला काहीतरी असायचं, त्याने बरंच भांडण वाचलं.

प्रश्न: तिथे आपलं, भारताचं काही आहे का? — शुभदा, पणजी

शुभदाताई, आहे, आणि त्यासाठी एक अख्खा दिवस ठेवा. रवींद्रनाथ टागोर पेरूला निघाले होते, वाटेत आजारी पडले आणि १९२४ च्या नोव्हेंबरात ब्युनोस आयरेसला थांबले. विक्टोरिया ओकाम्पो, तिथल्या लेखिका, तेव्हा ३४ वर्षांच्या, टागोर ६३ चे. तिने त्यांना सान इसिद्रोला नदीकाठच्या मिरालरियो नावाच्या घरात ठेवलं, आणि थोड्या दिवसांचा मुक्काम जवळजवळ दोन महिन्यांचा झाला. नंतरच्या "पूरबी" या संग्रहाची अर्पणपत्रिका "विजया"ला आहे, विजया म्हणजे विक्टोरिया. ज्या आरामखुर्चीत ते बसायचे ती तिने बोटीवर चढवायला लावली, केबिनच्या दारातून जाईना तर दार काढायला लावलं. ती खुर्ची आज शांतिनिकेतनात आहे.

रेतिरो स्टेशनवरून तिग्रेची लोकल घ्यायची आणि बेक्कारला उतरायचं, तिथून चालत विशा ओकाम्पो, तिचं स्वतःचं घर, ते तिने युनेस्कोला देऊन टाकलं. उघडण्याचे वार आधी बघून जा. आम्ही बाग फिरलो आणि मग उतरून नदीकडे गेलो. रिओ दे ला प्लाता, म्हणजे चांदीची नदी, पण पाणी चहासारखं, आणि पलीकडचा काठ दिसतच नाही.

तिथे कठड्यावर एक जोडपं बसलं होतं, चाळिशीचं, मधे थर्मास आणि माते. माते म्हणजे त्यांचा कडू पाल्याचा चहा, भोपळ्याच्या भांड्यात पाला, वरून गरम पाणी आणि धातूच्या नळीने ओढायचा. एकच भांडं, एकच नळी, ओतणारा माणूस एकच, तो आळीपाळीने प्रत्येकाला भरून देतो. त्यांनी आम्हाला बोलावलं. मी प्यायले, जीभ कडू झाली, भांडं परत देताना "ग्रासियास" म्हणाले, आणि मग मला परत दिलंच नाही. नवऱ्याला तीनदा मिळालं. शेवटी त्या बाईंनी हसून खुणेने समजावलं, की ग्रासियास म्हणजे मला पुरे, आता नको. हवं असेल तर काही न बोलता नुसतं भांडं परत करायचं. मग मी तसं केलं आणि अंधार पडेपर्यंत आम्ही चौघं तिथेच होतो.